पुस्तकात सगळं गाव, मी सोडून

१२ ऑगस्ट, मंगळवार

आलं एकदाचं! फिरत्या लायब्ररीची गाडी आज हॉलसमोर थांबली आणि इमोजेन स्ट्रॅहनची नवी कादंबरी माझ्या हातात पडली — ‘पाठमोरी घरं’. नव्या पुस्तकाला हॅलोरन्स वेलमध्ये पहिला नंबर नेहमी माझाच लागतो. रांगेत दुसरं कुणी नसतंच म्हणा.

नवऱ्याला, क्लेमला सांगितलं, आजचा स्वयंपाक तुझ्याकडे.

"म्हणजे टोस्ट," तो म्हणाला.

टोस्ट तर टोस्ट.

१३ ऑगस्ट

काय लिहिते ही बाई! ऊन चढायला लागलं की पत्र्याचं छप्पर कसं कुरकुरतं, त्यावर अख्खं पान आहे, आणि त्यातला एक शब्द काढून टाकावासा वाटत नाही. बाहेर आमच्या ऑगस्टातल्या हिवाळ्याचा गारठा आणि मी स्वेटर काढून बसले!

लहानपणी शाळेतल्या गोष्टींत नाताळला बर्फ पडायचा. मुलं शेकोटीपाशी बसायची. आमच्याकडे नाताळला कोंबड्या उन्हाने धापा टाकायच्या. मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग मोठी होता होता एका पुस्तकात पहिल्यांदा आमच्या माशा भेटल्या. कोरडी टाकी भेटली. दुपारी खाली ओघळलेली युकॅलिप्टसची पानं भेटली — आणि मी रडले. माशांसाठी रडणारी जगात मी एकटीच असेन. तेव्हापासून आपल्या देशाचं सोडून दुसरं वाचलेलं नाही. लोक याला हट्टीपणा म्हणतात. असेल.

१५ ऑगस्ट

संपलं. दोन भाऊ. एकमेकांकडे पाठ केलेली दोन घरं, मध्ये कुंपण. भांडण वडिलांच्या घड्याळावरून. धाकटा मरतो तेव्हा थोरला कुंपणापर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो.

तोंड धुवून आले. परत पहिल्या पानापासून.

१८ ऑगस्ट

आज डल्सी हार्टनेटकडे वाचक मंडळ. डल्सी कला कमिटीची अध्यक्ष, हॉलची अध्यक्ष, आणि जिथे चहाची किटली असेल तिथलीही अध्यक्ष. आम्ही बसतो न बसतो तोच तिने शहरातून मागवलेली तीच कादंबरी टेबलावर आपटली.

"हे आपलं गाव आहे!"

आणि बोटांवर मोजायला लागली.

"पबचा व्हरांडा एका बाजूला कलंडलाय, आपलाही कलंडलाय. गाडीच्या टपावर बसणारा कुत्रा आहे. एक बोट नसलेला खाटीक आहे — गॉर्डी! आणि ते दोघे भाऊ..." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं आणि मग घाईघाईने केककडे पाहिलं.

आता पानापासून काय लपवायचं? क्लेम आणि माझा थोरला दीर व्हर्न. आमची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये कुंपण. सासरे गावच्या बँडचे मास्तर होते. ते गेले तेव्हा त्यांचं चांदीचं कॉर्नेट, ती छोटी ट्रम्पेट, व्हर्नने उचललं, मी थोरला म्हणून. क्लेम म्हणाला, बाबांनी मला कबूल केलं होतं. त्यावर व्हर्न भर दुखवट्यात, सँडविचच्या टेबलापाशी म्हणाला, "तुला वरचे सूर कधी लागलेत का रे?" झालं. तेव्हापासून दोघं एकाच बँडमध्ये दोन टोकांना बसतात आणि एकाच सुरात वाजवतात, पण बोलत नाहीत. व्हर्नची बायको गेली तेव्हाही क्लेम चर्चमध्ये सगळ्यात मागे उभा राहिला आणि चहाच्या आधी निघून आला.

"तुमच्याकडे घड्याळाऐवजी कॉर्नेट, एवढाच फरक," डल्सी म्हणाली.

"आणि समुद्र?" मी विचारलं. पुस्तकात पानोपानी समुद्र आहे. आमच्यापासून समुद्र दिवसभराच्या रस्त्यावर.

"समुद्र म्हणजे गहू," डल्सी म्हणाली. "लाटा नाहीत का येत? प्रतीक असतं ते, नेरिडा. तू एवढी वाचतेस आणि तुला हे कळू नये?"

२१ ऑगस्ट

सगळं गाव वाचतंय! ज्यांनी शाळा सुटल्यापासून ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकापलीकडे काही वाचलं नाही तेही वाचतायत. पेट्रोल पंपावर च्युइंगमच्या बाजूला पुस्तकाचा गठ्ठा ठेवलाय.

गॉर्डीने तर आपलं पान फाडून दुकानाच्या काचेवर चिकटवलंय. पान फाडलं! मी चॉप्स घ्यायला गेले होते.

"हे पाहिलंस? 'त्याच्या हातात सुरी असली की तो गावातला सर्वांत कोमल माणूस असे.' कोमल! माझ्या बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, दुसरा कुणी खाटीक असेल."

डल्सीचं म्हणणं, ती म्हणजे कोरल, पबची देखणी मालकीण, जिला बघून पुरुषांची बियर सांडते. पुस्तकात एक पोस्टातली बाईही आहे, जी सगळ्यांची पाकिटं वाफेवर धरून उघडते. ती कोण, याबद्दल डल्सीचं काही म्हणणं नाही. चॉप्स घेऊन घरी आले.

२३ ऑगस्ट

तिसऱ्यांदा वाचलं. मी नाही.

चर्चबाहेर छत्री घेऊन उभी असलेली एक बाई आहे, पण माझ्याकडे छत्री कुठे आहे? आमच्याकडे पाऊस कुठे आहे? लायब्ररीच्या गाडीचा उल्लेखही नाही. कुत्रा आहे! कुत्र्याला दोन प्रकरणं आहेत!

आणि कहर म्हणजे धाकट्या भावाला बायकोच नाही. बिनलग्नाचा ठेवलाय त्याला! चाळीस वर्षं मी या माणसाचे मोजे शोधून देतेय आणि या बाईने मला एका फटकाऱ्यात उडवून लावलं. सगळ्या गावात पुस्तकं कोण वाचतं? मी. आणि पुस्तकात कोण नाही? मी!

क्लेमला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं की. कुणी नावं ठेवणार नाही."

या माणसाला साहित्यातलं काही कळत नाही.

२६ ऑगस्ट

आज भांडी घासताना क्लेमला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. मी पुस्तक खिडकीत टेकवून घासत होते, तो पुसत होता. थोरला कुंपणापर्यंत येतो, हात तारेवर ठेवतो, आणि परत फिरतो — तिथे पुसण्याचा आवाज थांबला.

मागे वळून पाहिलं. क्लेमच्या हातात तीच बशी. कोरडी झालेली, तरी पुसतोय.

"मूर्ख माणूस," तो म्हणाला.

"कोण? थोरला?"

"दोघेही."

आणि कोंबड्यांकडे गेला. कोंबड्यांना मघाशीच दाणे टाकून झाले होते.

२९ ऑगस्ट

भांडी तशीच ठेवलीत. लिहिते.

सकाळी फाटक वाजलं. व्हर्न! पुढच्या फाटकाने, पायी, सगळा रस्ता वळसा घालून. हातात लिंबांची पिशवी. क्लेम व्हरांड्यात बूट चढवत होता. एक पाय बुटात, एक बाहेर.

"लिंबं जास्त झालीत," व्हर्न म्हणाला.

"आमच्याकडेही झाड आहे," क्लेम म्हणाला.

"माहीत आहे. तुझी माझ्याकडे पडतात."

मी स्वयंपाकघरात श्वास रोखून. बोल रे बाबा, काहीतरी बोल!

"मग ये आत," क्लेम म्हणाला. "माझीच असतील त्यातली निम्मी."

चहा केला. दोघं फुटबॉलवर बोलले, मग पावसावर, म्हणजे नसलेल्या पावसावर. कॉर्नेटचं नाव नाही. पण व्हर्न सारखा क्लेमच्या तोंडाकडे बघत होता, त्याच्या तोंडाला जॅम लागल्यासारखा. तो गेल्यावर क्लेमने दुसरा बूट घातला.

एका पुस्तकाने हे केलं! माझं सगळं आयुष्य लोक विचारत आले, गोष्टी वाचून काय होतं गं? हे होतं! इमोजेन स्ट्रॅहन, तू मला घेतलं नाहीस, पण जा — माफ केलं.

५ सप्टेंबर

बँडच्या सरावाला व्हर्न क्लेमच्या शेजारी येऊन बसला. सबंध बँड पहिली ओळ चुकला.

८ सप्टेंबर

डल्सी हवेत तरंगतेय. तिने इमोजेन स्ट्रॅहनला वसंताच्या कला महोत्सवाला बोलावलं होतं, आणि ती येतेय! इथे! जिथे दर वर्षी चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायच्या लोकरी टोप्यांचं प्रदर्शन, गोधड्या, गव्हाच्या काड्यांची चित्रं आणि शेवटी बँड, एवढाच महोत्सव असतो. गेल्या वर्षीचा पहिला नंबर किटलीच्या टोपीला मिळाला होता, मेंढीच्या आकाराची. मला ती फार आवडली होती. खरंच आवडली होती. तिच्या डोळ्यांत काहीतरी विचार होता.

हॉलवर फलक लागलाय: ‘आमचं गाव, आमचं पुस्तक’. आणि डल्सीचं फर्मान — प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वेशात यावं.

"ती राहील तुझ्याकडे," डल्सी मला म्हणाली. "घरात पुस्तकं आहेत ती तुझ्याच. आणि तुला वेष करायचं कामही नाही."

शेवटचं वाक्य नसतं बोलली तर चाललं असतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आली! उंच, किडकिडीत, आणि तिच्या पुस्तकांपेक्षा खूपच कमी बोलणारी. मी दाराशी स्वागताची चार वाक्यं पाठ करून उभी. ती गाडीतून उतरली आणि आमच्या मॅगपायने झडप घातली. पिल्लांचा मोसम, हा पक्षी पोस्टमनलाही सोडत नाही. देशातली मोठी लेखिका पर्स डोक्यावर धरून माझ्या गुलाबांतून पळाली. माझी चारही वाक्यं गेली. मी तिला आइस्क्रीमचा रिकामा डबा दिला, मागच्या बाजूला डोळे रंगवलेला.

"हा घालून फिरायचं, म्हणजे तो मागून येत नाही," मी म्हटलं.

तिने घातला. चहा पितानाही काढायला विसरली. मला ती फार आवडली.

क्लेमने तिला लॅमिंग्टन, तो खोबरं लावलेला केक, दिला आणि विचारलं, "आधी कधी आला होतात इकडे?"

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

क्लेम "अच्छा" म्हणाला आणि स्वतःही एक लॅमिंग्टन घेतला. मी मात्र जागच्या जागी थिजले.

२७ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

क्लेम खुर्च्या लावायला हॉलवर गेल्यावर तिला गाठलं. ती व्हरांड्यात चहा घेत होती.

"पहिल्यांदाच? मग आमचा पब? आमचा खाटीक? समुद्र म्हणजे गहू?"

"समुद्र म्हणजे समुद्र," ती म्हणाली. "मी टास्मानियाच्या एका मासेमारीच्या गावात वाढले. ते दोघे भाऊ म्हणजे माझे मामा. कलंडलेला पब प्रत्येक गावात असतो, नेरिडा. बोट नसलेला खाटीकही. तुमच्या गावाचं नाव मी डल्सीच्या निमंत्रणात पहिल्यांदा वाचलं. तो फलक मी काल येताना वाचला. दुपारी स्टेजवर आधी हेच सांगून टाकणार आहे."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? लाज वाटते, पण आलं खरं — म्हणजे कुणीच नाही पुस्तकात! गॉर्डी नाही, डल्सी नाही, कुत्रा नाही! इतकं हलकं वाटलं! मी एकटी वगळलेली नव्हते.

आणि मग क्लेम आठवला.

तिला सगळं सांगितलं. कॉर्नेट, सँडविच, चर्चमधली मागची रांग, ती कोरडी बशी, लिंबं. "दोघांना वाटतंय, सगळ्या देशाने आपल्याला पुस्तकात पाहिलं. त्या लाजेने एक झालेत. आज भर सभेत सगळं गाव हसलं, की अरे, ते तुम्ही नव्हताच — तर ही दोन गाढवं परत पाठ फिरवतील. मी ओळखते त्यांना. सांगू नका. पाया पडते."

तिने कप खाली ठेवला. "आयुष्यभर खोटंच लिहिलं," ती म्हणाली. "पण स्टेजवर कधी खोटं बोलले नाही. तिथे लोक तोंडाकडे बघतात."

"आणि तुमचे मामा? पुढे बोलले का कधी?"

"नाही," ती म्हणाली. "पुस्तकात थोरला निदान कुंपणापर्यंत तरी येतो. तेवढंच मी माझ्या पदरचं घातलं."

ती काही कबूल झाली नाही. डबा डोक्यावर घालून फिरायला गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

हॉल खचाखच. गॉर्डी पट्ट्यापट्ट्याच्या एप्रनमध्ये, हातात लाकडी सुरी. कोमल चेहरा करून बसलेला, दात दुखत असल्यासारखा. डल्सी लाल झग्यात, खांदे उघडे — कोरल! दोन जणी पोस्टातली बाई होऊन आल्या होत्या आणि दोघींनी डल्सीची तंतोतंत नक्कल केली. डल्सीला कळलं नाही. तिने टाळ्या वाजवल्या! कुत्रा पहिल्या रांगेत. क्लेम आणि व्हर्न बँडमध्ये, खांद्याला खांदा, बँडच्या रोजच्या कोटात. त्यांना वेष लागत नाही, असं डल्सी म्हणाली होती.

मी कुणीच नव्हते. मी आपली नेरिडा ट्रेविन.

इमोजेन बोलली ती आधी छपरांबद्दल, उन्हाबद्दल, आमच्या गावांतली माणसं एका शब्दात किती बोलतात त्याबद्दल. मग गॉर्डी उभा राहिला.

"बाई, सरळ सांगा. एक्केचाळिसाव्या पानावरचा तो मीच ना?"

इमोजेनने माझ्याकडे पाहिलं. मग बँडकडे पाहिलं. किती वेळ बघत होती!

"मी ते लिहिलं तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हते," ती म्हणाली.

गेलं सगळं, म्हटलं. मी डोळे मिटले.

"आता तुम्हाला सगळ्यांना भेटले. आणि आता मला त्या पानावर दुसरा कुणी दिसत नाही."

काय टाळ्या पडल्या! गॉर्डीने सुरी छताकडे उंचावली. "बघा! तिनेच सांगितलं की नाही!" डल्सी ओरडली. खरं काय बोलली ते कुणी ऐकलंच नाही. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मी रुमालाने नाक पुसत राहिले. क्लेम नंतर म्हणाला, परागकणांचा त्रास दिसतोय तुला.

शेवटी बँड. एकल वाजवायची वेळ आली तेव्हा व्हर्न उठला, आणि सासऱ्यांचं कॉर्नेट क्लेमच्या मांडीवर ठेवून परत बसला. क्लेमने वाजवलं. वरचा सूर लागला नाही. व्हर्न मोठ्याने हसला, क्लेमही हसला, आणि कॉर्नेटमधून जो काही आवाज निघाला, त्याला मेंढी ओरडली असं कुणीही म्हटलं असतं.

महोत्सवात इतकं सुंदर संगीत मी ऐकलेलं नाही.

२८ सप्टेंबर

इमोजेन गेली. फाटकाशी म्हणाली, "पुढच्या पुस्तकात तुम्हाला घेऊ का?"

आयुष्यभराची वाचक मी. पण काय तोंडून निघालं — "छत्री देऊ नका."

डबाही घेऊन गेली.

३० सप्टेंबर

एकच काळजी उरली. इमोजेनने कुठे मुलाखत दिली आणि तिथे टास्मानिया म्हणाली तर? पेट्रोल पंपावर पेपर येतो. आजपासून पंपावरचा पेपर सकाळी मीच आधी जाऊन वाचणार आहे. मालक म्हणाला, "विकत घेतलास तरी चालेल हं."

४ ऑक्टोबर

क्लेम आणि व्हर्नने आज कुंपणाच्या मधल्या दोन फळ्या काढल्या. येण्याजाण्याला. नीट मापून काढायच्या की नाही यावरून तासभर भांडले! मोठमोठ्याने! मी खिडकीत उभी राहून ऐकलं. किती छान भांडतात दोघं.

९ ऑक्टोबर

क्लेम फवारणीला गेल्यावर व्हर्न आला. "ते पुस्तक वाचून दाखव," म्हणाला.

"परत?"

"परत कुठलं? मी वाचलंच नाहीये."

त्याने खुर्ची ओढून घेतली.

"डोळे चाललेत माझे, नेरिडा. ऑगस्टमध्ये डॉक्टरीण म्हणाली, मधला भाग आधी जातो. म्हणजे चेहरे. म्हणून आलो तुमच्याकडे — त्याचा बघून घ्यायला. क्लेमला अजून बोललो नाही. सांगेन. तू वाच."

वाचलं. शेवटच्या प्रकरणात थोरला कुंपणापर्यंत येतो, हात तारेवर ठेवतो, परत फिरतो — तिथे त्याने हात वर केला.

"हा मी नाही."

मी बोट घालून पुस्तक मिटलं.

"मी कुंपणापर्यंतही कधी गेलो नव्हतो," व्हर्न म्हणाला. "वाच पुढे."